सूचक, अनुमोदक आणि ताळेबंद

सहकारावर मराठीत छापलेला मजकूर वजनाने कमी नाही. कारखान्यांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका आहेत, सहकारमहर्षींचे गौरवग्रंथ आहेत, त्यांच्या एकसष्टीला निघालेले विशेषांक आहेत. दुसऱ्या बाजूला 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमावरची कलमवार पुस्तके आहेत; कायद्यात दुरुस्ती आली की त्यांची नवी आवृत्ती निघते आणि ती खपतेही. पहिल्या प्रकारच्या पुस्तकांत संस्था कशी उभी राहिली ते कळते, दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांत ती कोणत्या कलमाखाली अडचणीत येते ते. मधल्या काळात ती रोज चालते कशी, यावर हाताशी ठेवावे असे फारसे काही नाही. उसाचा दर कोण आणि कशाच्या आधारे ठरवतो, कर्जाचा अर्ज नाकारायचा झाला तर सभासदाला कोण आणि काय सांगतो, नवा बॉयलर घ्यायचा की जुनाच आणखी दोन हंगाम ओढायचा याचे टिपण कोण लिहितो, असल्या प्रश्नांसाठी हे पुस्तक आहे.

व्यवस्थापनाची पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात. ती का पुरत नाहीत, हे आधी सांगायला हवे. ती खासगी कंपनी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. तिथे माल पुरवणारा एक, भांडवल घालणारा दुसरा, माल घेणारा तिसरा. सहकारी साखर कारखान्यात ऊस घालणारा, भागभांडवल भरलेला आणि संचालक निवडून देणारा हा एकच माणूस असतो. खासगी कारखान्याच्या दृष्टीने उसाचा दर हा खर्च. सहकारी कारखाना मुळात काढला जातो तो त्या दरासाठीच. त्यामुळे नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी शून्याजवळचा आकडा दिसला, तर सगळा वाढावा उसाच्या दरातून शेतकऱ्याच्या घरी पोचला असेल, किंवा तो वाटेतच कुठेतरी जिरला असेल. नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. हा घोळ फक्त आपल्याच लोकांचा होतो असे नाही. किमान दरापेक्षा जास्त दिलेला ऊसदर म्हणजे नफ्याची वाटणी, असे धरून आयकर खात्याने सहकारी कारखान्यांवर वर्षानुवर्षे मागण्या काढल्या. वाद इतका लांबला की 2016-17 च्या आधीच्या अशा रकमा खर्च म्हणून दाखवण्याची मुभा 2023 च्या अर्थसंकल्पात द्यावी लागली, आणि हा दिलासा जवळजवळ 10,000 कोटी रुपयांचा असल्याचे अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितले.

म्हणजे सहकारात कारभार करायचा तर कंपनीच्या व्यवस्थापकाला येते ते सगळे यायलाच हवे, आणि वर आणखी एक गोष्ट यायला हवी: ज्याने निवडून दिले त्यालाच हिशेब समजावून सांगून, प्रसंगी त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायचे. ऐकणाऱ्यालाही थोडाफार हिशेब कळत असेल तरच हे जमते. म्हणून सहकारी संस्थेत कारभाराचे ज्ञान एकट्या व्यवस्थापकाकडे असून भागत नाही. ते संचालकांत हवे आणि सभासदांतही हवे. महाराष्ट्रात ते तिसऱ्याच ठिकाणी साठत गेले, चेअरमनच्या डोक्यात. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणे फिरून फिरून तिथेच येतात.

सुरुवात तशी नव्हती. लोणीच्या प्रवरा कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. गाळपक्षमता दिवसाला 500 टन, म्हणजे आजच्या हिशेबाने खेळण्यातला कारखाना. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले ते विठ्ठलराव विखे पाटलांनी. पण पहिल्या दशकात अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. त्यांच्या पाठीशी वैकुंठभाई मेहता होते, ज्यांनी मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार तीन दशकांहून जास्त काळ पाहिला होता आणि कर्ज देताना कोणता कागद मागायचा हे ज्यांना झोपेतही सांगता आले असते. शेतकऱ्यांचा विश्वास एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, बँकेची शिस्त तिसऱ्याकडे. आपण आज या तिघांच्या त्यागाबद्दल बोलतो. त्यांनी आपसांत कामाची जी वाटणी केली तिच्याबद्दल क्वचितच बोलतो. गाडगीळ पुण्याहून लोणीला येऊन बैठकीत नेमके काय विचारत असत, हे एखाद्या स्मरणिकेने सविस्तर छापले असते तर हाराच्या दहा फोटोंपेक्षा ते जास्त उपयोगी पडले असते.

आणंदची जोडीही अशीच. खेडा जिल्ह्याचा दूध संघ 1946 चा. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. व्हर्गीस कुरियन 1949 मध्ये तिथे आले ते सरकारी क्रीमरीत नोकरीवर, आणि तेही मनाविरुद्ध. त्रिभुवनदासांनी त्यांना ठेवून घेतले. पुढे म्हशीच्या दुधाची पावडर करणारा प्रकल्प 1955 मध्ये उभा राहिला, त्यामागचे तांत्रिक डोके एच. एम. दलाया यांचे. ‘अमूल’ची गोष्ट सगळे कुरियनांपासून सांगतात. मला त्यात त्रिभुवनदास जास्त महत्त्वाचे वाटतात. व्यवस्थापकाच्या कामात लुडबूड न करणे आणि इतरांना करू न देणे, हे अध्यक्षाचे कौशल्य आहे हे त्यांना कुठल्या अभ्यासक्रमात शिकवले नव्हते. आपल्याकडे कुरियन व्हायला इच्छुक पुष्कळ मिळतात, त्रिभुवनदास शोधावे लागतात.

मग गाडे कुठे अडले? माझ्या मते याचे उत्तर 1954 च्या एका अहवालात आहे, किंवा त्यातले जे घेतले गेले नाही त्यात आहे. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी 1951-52 मध्ये झाली, ए. डी. गोरवाला समितीचे अध्यक्ष होते आणि गाडगीळ सदस्य. शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा पाहणीत जेमतेम तीन टक्के निघाला. बाकीतला बहुतेक सावकार आणि व्यापाऱ्यांचा. सहकार अपयशी ठरला आहे हे समितीने स्पष्ट लिहिले, आणि तरीही तो यशस्वी करावाच लागेल असेही लिहिले. त्यासाठी जी योजना सुचवली तिच्यात मुख्य गोष्टी तीन: संस्थांच्या भांडवलात सरकारची भागीदारी, कर्ज, विक्री आणि प्रक्रिया यांची सांगड, आणि खेड्यातल्या माणसाची गरज कळणारे, नीट शिकलेले कर्मचारी. पहिली गोष्ट आपण उत्साहाने केली. तिच्यामागून सरकारी भांडवल आले, आणि भांडवलामागून मंत्री आले. दुसरी महाराष्ट्राने इतर कुठल्याही राज्यापेक्षा चांगली केली. साखर, दूध, सूत असा पट्टा उभा राहिला. तिसऱ्या गोष्टीचे आपण प्रमाणपत्र केले.

संस्था नव्हत्या असे नाही. पुण्यात वैकुंठभाईंच्या नावाची राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणंदला 1979 पासून ग्रामीण व्यवस्थापनाची ‘इर्मा’ आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली माणसे चांगली असतात. अडचण ती कामावर रुजू झाल्यावर सुरू होते. उसाचा शेतकी अधिकारी कोणत्या गटातला ऊस आधी तोडायचा याचा कार्यक्रम लावतो: लागणीची तारीख, जात, उतारा पाहून. त्याच संध्याकाळी तीन संचालकांचे फोन येतात. दुसऱ्या दिवशी तोडीच्या चिठ्ठ्या फोनच्या क्रमाने निघतात आणि कोवळा ऊस गव्हाणीत पडतो. उतारा पाव टक्क्याने घसरला तरी त्याचा हिशेब कुणाच्या नावावर लिहायचा हे ठरलेले नसते. अधिकारी दोन-तीन हंगामांत शहाणा होतो, म्हणजे आधी फोन करून विचारायला शिकतो. त्याचे शिक्षण वाया जाते असे मी म्हणणार नाही. ते वेगळ्या कामाला लागते.

चांगला चेअरमन हाच या व्यवस्थेतला सर्वांत मोठा धोका, असे म्हटले की प्रशिक्षण वर्गात लोक चपापतात. पण पाहा. त्याला कोणत्या गावचा ऊस केव्हा पक्व होतो हे तोंडपाठ असते. कोणता मुकादम उचल घेऊन पळेल आणि कोणता कोयते पुरे आणेल, बँकेतला कोणता अधिकारी किती ताणू देतो, कोणत्या व्यापाऱ्याला साखर उधार द्यायची नाही, सगळे डोक्यात. संचालकांना विचारायची गरज पडत नाही, एमडीला लिहायची गरज पडत नाही. बैठका तासाभरात संपतात. मग एके दिवशी तो निवडणूक हरतो, किंवा आजारी पडतो, किंवा विधानसभेत जातो, आणि पुढच्या हंगामात तोडणी-वाहतुकीच्या येणे रकमांची यादी पाहून नव्या माणसांना घाम फुटतो. उचल कुणाच्या जामिनावर दिली हे कुठेच लिहिलेले नसते. ती देणाराला माहीत होते.

बोर्डाच्या बैठकीचा कागद हातात घेतला तर हे आणखी स्पष्ट दिसते. अजेंड्यावर आठ-दहा विषय असतात. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, सेवकांच्या रजा, आलेल्या पत्रांची नोंद. आणि सर्वांत शेवटी तो ठरलेला विषय: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. मी आधी लेखापरीक्षणात आणि नंतर प्रशिक्षणात असताना अडचणीत आलेल्या बऱ्याच संस्थांची प्रोसिडिंग बुके वाचली. मोठी खरेदी, मोठी मुदतवाढ, मोठे कर्ज हे मला मुख्य विषयांत कमी आणि ऐनवेळच्या विषयांत जास्त सापडले. आधी टिपण फिरवलेले नाही, आकडे नाहीत, पर्याय नाहीत. चार ओळींचा ठराव, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. पुढे कलम 83 ची चौकशी लागते, 88 खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित होते, आणि ज्याचे नाव अनुमोदक म्हणून लिहिले गेले तो गृहस्थ विचारतो, ‘मी त्या दिवशी चहा घेऊन लवकर निघालो होतो, माझे नाव कसे?’ या पुस्तकातले सभाकामकाजाचे प्रकरण म्हणूनच लांब झाले आहे. पंचवीस पाने बैठकीवर कशाला, असे वाटणाऱ्यांनी आपल्या संस्थेचे एक वर्षाचे प्रोसिडिंग वाचून मग ठरवावे.

आकड्यांची भीती हा दुसरा अडथळा. ती घालवता येते, कारण लागणारे गणित शाळेतलेच आहे. साखर गोदामात गेली की ती बँकेकडे तारण. समजा, बँकेने क्विंटलचे मूल्यांकन 3,400 रुपये धरले आणि 85 टक्के उचल दिली. हाती आले 2,890. त्यातून प्रक्रियाखर्च आणि जुन्या कर्जाचे हप्ते यांसाठी बँक क्विंटलमागे समजा 500 रुपये वळते करते. उसासाठी उरले 2,390. उतारा 11 टक्के असेल तर एका टनाला 110 किलो साखर, म्हणून टनामागे 2,629 रुपये. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, याहून जास्त असेल, तर फरक आणायचा कुठून हा प्रश्न मोळी टाकण्याच्या आधीच उभा असतो. आणि ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज, हा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला आहे. आता बाजार 100 रुपयांनी उतरला असे धरा. उचल 85 रुपयांनी घटते, टनामागे साडेत्र्याण्णव रुपये. गाळप पाच लाख टन असेल तर 4 कोटी 67 लाख 50 हजार. शिवाय आधी उचललेल्या रकमेवर ‘शॉर्ट मार्जिन’ निघते आणि बँकेचे पत्र येते ते वेगळेच. एवढे गणित लग्नपत्रिकेच्या पाठीवर मावते. ते ज्या संचालकाला करता येते तो सभेत दर जाहीर करताना टाळ्यांच्या नादात पन्नास रुपये वाढवून सांगत नाही.

यावर कुणी म्हणेल की आता इथेनॉल आहे, वीज आहे, फरक त्यातून भरून निघतो. निघतो, पण तिथेही गणित लागते. डिसेंबर 2023 मध्ये, हंगाम भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने एकाएकी निर्बंध घातले. ज्यांनी कर्ज काढून आसवनी वाढवल्या होत्या त्यांनी ‘असे झाले तर काय’ हा परिच्छेद प्रकल्प अहवालात लिहिला होता का? बहुतेक अहवाल सल्लागाराने बँकेसाठी लिहिलेले असतात, बोर्डासाठी नाही.

सगळेच अज्ञानातून होते असे मात्र समजू नये. काही ठिकाणी कौशल्य भरपूर असते, फक्त ते आकडा सुधारण्यापेक्षा आकडा दिसायला नीट करण्याकडे वळलेले असते. मार्चअखेर विकास सोसायटीत चालणारे ‘नवे-जुने’ हे त्याचे नमुनेदार उदाहरण. पीककर्ज वेळेत फेडले तर तीन लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज पडत नाही, आणि सोसायटीची वसुली चांगली दिसली तर पुढचे कर्ज सुरळीत येते. मग शेवटच्या आठवड्यात शेतकरी कुणाकडून तरी दोन-चार दिवसांसाठी हातउसने घेतो, शेकड्याला दोन-तीन रुपये मोजतो, कर्ज भरतो, आणि नवे कर्ज खात्यावर पडले की हातउसने परत करतो. कागदावर वसुली नव्वदच्या पुढे. शेतात एक पैसा वाढलेला नाही. गटसचिवाला हे माहीत असते, जिल्हा बँकेच्या तपासनिसाला माहीत असते, लेखापरीक्षकालाही. तीन-चार गावांची दप्तरे एकट्याने सांभाळणाऱ्या आणि पगारासाठी वाट पाहणाऱ्या गटसचिवाला दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. पण ज्या दिवशी दुष्काळ पडतो आणि हातउसने देणाराही मिळत नाही, त्या दिवशी पाच-सात वर्षांचे खोटे चांगले आकडे एकदम उघडे पडतात, आणि तोवर संस्थेने कोणते कर्ज खरे बुडीत आहे हे ओळखण्याची सवयच घालवलेली असते. देशभरातल्या अशा 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने 2022 मध्ये 2,516 कोटींची योजना मंजूर केली. काम व्हायलाच हवे होते. मात्र नवे-जुने संगणकावर जास्त सुबक दिसेल, एवढी सूचना करून ठेवतो.

याउलट एखाद्या दूध संस्थेत सकाळी सहाला जाऊन उभे राहावे. रांग लागलेली असते. कॅन, बादल्या, किटल्या. सचिव नमुना घेतो, यंत्र फॅट आणि एसएनएफ दाखवते, चिठ्ठी बाहेर येते. एखादी बाई चिठ्ठी वाचून तिथेच थबकते: काल 7.1 लागली, आज 6.4 कशी? इथे सचिवाचे सगळे शिक्षण पणाला लागते. म्हशीला काल काय घातले हे विचारता येते, दूध नीट ढवळले गेले होते का हे पाहता येते, यंत्र धुऊन नमुना पुन्हा लावता येतो. नाहीतर ‘मशीन खोटं बोलत नाही’ असे म्हणून पुढच्याला बोलावता येते. पहिल्या प्रकारच्या सचिवाच्या संस्थेत दर दहा दिवसांच्या बिलावर भांडण होत नाही, आणि दिवाळीला दरफरक वाटताना कुणाला संशय येत नाही. संस्थेने गावात मोजलेले फॅट आणि संघाच्या टँकरवर मोजले गेलेले फॅट यांतल्या फरकावर संस्थेची घट-वाढ ठरते. ती वाढ सतत संस्थेच्याच बाजूने निघत असेल तर संस्थेचा नफा सभासदाच्या बादलीतून आला, हे तिथल्या बायांना लेखापरीक्षकाच्या आधी कळलेले असते. कोल्हापूरकडच्या दूध संस्थांत मला व्यवस्थापनाचे जे धडे मिळाले ते शहरातल्या वातानुकूलित कार्यशाळांत मिळाले नाहीत, आणि ते एका स्वतंत्र प्रकरणात आहेत.

नागरी बँकांवर मोजकेच लिहिले आहे, कारण तिथे रिझर्व्ह बँकेची परिपत्रके पुस्तकापेक्षा भरभर बदलतात. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप. बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा राहिली, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. कर्जाचा प्रचंड मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे होता. शाखा, सॉफ्टवेअर, लेखापरीक्षण, सगळे जागेवर असताना हे वर्षानुवर्षे झाले. त्याच वर्षाच्या शेवटी रिझर्व्ह बँकेने 100 कोटींवर ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाखेरीज जाणकारांचे वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितले. ही कल्पना मालेगाम समितीने 2011 मध्येच मांडली होती. ती चांगली आहे. फक्त जाणकार कोण, हे चेअरमनने ठरवले की मंडळावर त्यांचेच सीए, त्यांचेच वकील आणि निवृत्तीनंतर मोकळे असलेले त्यांचेच मित्र बसतात. 97 व्या घटनादुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात आलेल्या तज्ज्ञ संचालकांच्या दोन जागांचेही असेच झाले. पॅनेलमध्ये जागा न मिळाल्याने रुसलेल्यांना तिथे बसवतात. तज्ज्ञ कशातले, तर रुसण्यातले.

राज्यातल्या सहकारी संस्थांत संख्येने सर्वांत मोठ्या गृहनिर्माण संस्था, आणि शहरी वाचकाचा सहकाराशी संबंध बहुधा एवढाच. इमारतीत दोन इंजिनिअर, एक सीए आणि एक बँक मॅनेजर राहत असतात, आणि सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतो. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंड जमवायचा असतो; ‘मेंटेनन्स वाढवू नका’ या एका घोषणेवर तो दहा वर्षे जमवला जात नाही, आणि मग गच्ची गळते. यावर आणखी लिहिण्यासारखे आहे, पण तो वेगळ्या पुस्तकाचा विषय.

प्रशिक्षणाची सक्ती कायद्यात आहे. 2013 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 24-अ ने सभासद, संचालक आणि सेवक तिघांच्याही शिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकली. इंग्लंडात रॉचडेलच्या ज्या विणकरांनी 1844 मध्ये लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या विकणारे दुकान काढले, त्यांनी पुढे वाढाव्यातले अडीच टक्के शिक्षणासाठी राखून ठेवायला सुरुवात केली आणि त्यातून वाचनालय चालवले. वाचनालय सभासदांचे होते, संचालकांचे नव्हे. आपल्याकडे एक दिवसाचा वर्ग असतो. सकाळी दीपप्रज्वलन, साडेअकराला व्याख्यान, दीडला जेवण, तीनला प्रमाणपत्र. त्यातली बरीच व्याख्याने मीच दिली आहेत, त्यामुळे हे ऐकीव नाही. या वर्गांत कायदा शिकवला जातो कारण तो शिकवायला सोपा आहे आणि संचालकांना त्याची धास्ती असते. ताळेबंद शिकवायला स्वतःच्या संस्थेचा ताळेबंद लागतो, आणि तो चारचौघांत उघडायला चेअरमनची परवानगी लागते.

एवढे सगळे वाचून कुणाला वाटेल की माणसे शिकवली की झाले. स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या मोंद्रागोनचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. तिथल्या धर्मगुरूने तंत्रशाळा 1943 मध्ये काढली आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या मुलांनी पहिला कारखाना 1956 मध्ये; शाळा आधी, कारखाना तेरा वर्षांनी. हिशेब वाचता येणारे कामगार-मालक तिथे शेकड्यांनी होते. तरीही त्या समूहातली घरगुती उपकरणे बनवणारी सर्वांत जुनी आणि नावाजलेली संस्था, फागोर, 2013 मध्ये बुडाली: परदेशात मोठी खरेदी करून विस्तार केला आणि पाठोपाठ स्पेनमधला घरबांधणीचा बाजार कोसळला. पण संस्था बुडाल्यावर तिच्या कामगारांपैकी बऱ्याच जणांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतले. आपल्याकडे कारखाना बंद पडला की तो लिलावात जातो, आणि कधी कधी तोच कारखाना खासगी नावाने पुन्हा सुरू होतो. हा फरक व्यवस्थापनाच्या ज्ञानातला आहे की आणखी कशातला, यावर माझे मत शेवटच्या प्रकरणात आहे. वाचकाने ते मान्य करावे असा आग्रह नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिल्या तीन प्रकरणांत सभासद, संचालक आणि कार्यकारी अधिकारी यांनी कोणते काम करायचे आणि कोणत्या कामात हात घालायचा नाही याचा विचार आहे. चौथे ताळेबंद वाचण्याचे. त्यात बेरजा-वजाबाक्या कमी आणि संशय जास्त आहे: ‘इतर येणे’ या ओळीखाली काय दडते, शाखा समायोजनाची रक्कम वर्षानुवर्षे का मिटत नाही, थकीत कर्जावरचे व्याज उत्पन्नात धरले आहे का, दोषदुरुस्ती अहवालात मागच्या वर्षीचीच वाक्ये पुन्हा आली आहेत का. पाचवे बैठकीचे, सहावे दर ठरवण्याचे, सातवे दूध संस्थांचे. आठव्यात ‘नाही’ म्हणण्याची पत्रे आहेत, म्हणजे कर्ज, नोकरी किंवा ठेका नाकारताना सभासदाला लिहायच्या पत्रांचे नमुने. छापील मजकुरात मला हे कुठेच सापडले नाहीत म्हणून मुद्दाम घातले. कायद्याची कलमे जिथे टाळता आली नाहीत तिथेच आली आहेत.

उदाहरणांतल्या संस्थांची नावे दिलेली नाहीत. अनेक सचिवांनी आणि निवृत्त एमडींनी जुनी प्रोसिडिंग बुके, दरपत्रके आणि टिपणे वाचायला दिली ती याच अटीवर, आणि त्यांच्या आभाराचे नावानिशी पान त्यामुळे या पुस्तकात नाही. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. ते खोडून वाचकाने आपल्या संस्थेचे घालावेत, त्यासाठी समासात जागा सोडली आहे. ज्यांच्या संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरात आहे त्यांनी पहिली तीन प्रकरणे तूर्त सोडून चौथ्यापासूनच वाचायला घ्यावे. अहवाल हाती पडेपर्यंत ते वाचून होईल.